मांजर भिंतीत अडकलं
आज बाणेरला एका गेम स्टुडिओत इंटरव्ह्यू. पोर्टफोलिओत सहा गेम. पाच यूट्यूब बघून केलेले, त्यात एक फ्लॅपी बर्डची नक्कल (कोणाकडे नसते?). मॅडमनी ते उघडलेही नाहीत. सहावा, लुडम डेअर या गेम बनवण्याच्या ऑनलाइन स्पर्धेत ४८ तासांत एकट्यानं केलेला मांजराचा गेम, मात्र स्वतः खेळायला घेतला आणि तिसऱ्याच उडीला मांजर भिंतीत! मला घाम फुटला. त्या हसून म्हणाल्या, "का होतंय, सांग."

युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) फिजिक्स, म्हणजे टक्कर वगैरेचा हिशोब, डीफॉल्टनं सेकंदाला ५० वेळा चालतं आणि मी मांजर अपडेटमध्ये, म्हणजे दर फ्रेमला, थेट ट्रान्सफॉर्मनं (जागाच बदलून) ढकलत होतो, म्हणून ते भिंतीत घुसत होतं. यावरच अर्धा तास गप्पा! रिझल्ट पुढच्या आठवड्यात.

घरी येऊन चार गेम पोर्टफोलिओतून उडवले. फ्लॅपी बर्डवर हात उचलेना.