१४ फेब्रुवारी आणि आईचं इनलँड लेटर

फेब्रुवारीत रंकाळ्यावर फिरायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘हे सगळं कार्डवाल्यांनी काढलेलं खूळ.’ मला ते ऐकवत नाही. इंग्रजीतलं व्हॅलेंटाइनचं सगळ्यात जुनं ज्ञात पत्र १४७७ सालचं आहे आणि त्यात विषय आहे हुंड्याचा.

इंग्लंडातल्या नॉरफोकची मार्जरी ब्रूज. जॉन पॅस्टनशी तिची सोयरीक जुळत आलेली, पण घोडं अडलं देण्याघेण्यावर. तिने पत्र लिहवून घेतलं. आईने वडिलांची खूप मनधरणी केली, पण याच्या वर काही मिळायचं नाही; माझ्यावर खरंच जीव असेल तर एवढ्यासाठी मला सोडू नका. पत्रात ती त्याला ‘माझा व्हॅलेंटाइन’ म्हणते. तिच्या आईनेही जॉनला कळवलं होतं, की शुक्रवारी सेंट व्हॅलेंटाइनचा दिवस, त्या दिवशी प्रत्येक पाखरू आपला जोडीदार निवडतं, तेव्हा तुम्ही या.

पाखरांची ही समजूत चौदाव्या शतकात चॉसरच्या कवितेत आली आणि तिथून हा दिवस प्रेमाचा झाला. मूळ संत रोमचा हुतात्मा. त्याच्याबद्दल खात्रीची माहिती इतकी थोडी, की १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने सार्वत्रिक दिनदर्शिकेतून त्याचा दिवस काढला.

मार्जरीचं पत्र वाचलं आणि मी आईची ट्रंक उघडली. तिचं इनलँड लेटर १९८१ चं. घडीवर फाटलेलं, चिकटपट्टीही पिवळी पडलेली. बाबा तेव्हा उद्यमनगरात फौंड्रीत कामाला, आई गडहिंग्लजची. बाबांच्या घरून पाच तोळे आणि सायकल मागितलेली. आईने लिहिलंय, ‘आबांनी अर्धं रान गहाण टाकलं. याच्या वर होणार नाही. तुमची मर्जी.’ मग ‘तुमची मर्जी’ खोडलंय. इतकं गिरवून, की कागद आरपार गेलाय. शेजारी बारीक अक्षरात, ‘वाट बघते.’

पुढच्याच रविवारी बाबा घरी न सांगता एसटीने गडहिंग्लजला गेले. पिशवीत नारळ आणि सुपारी. सोनं नको, सायकल नको, एवढंच बोलले.

आईला मी मार्जरीची गोष्ट सांगितली. तिने आधी विचारलं, “मग त्या पोरानं काय केलं?”

“त्याच साली लग्न झालं त्यांचं.”

“मग तिलाबी माणूस चांगला मिळाला.”