छोटं रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? माझा अनुभव

परवान्याचं काम सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. माझं घोडं अडलं ते दुकानाच्या काउंटरवर.

रोज जवळ बाळगायला हत्यार हवंय म्हटल्याबरोबर समोरच्याने छोटं, हलकं रिव्हॉल्व्हर पुढे सरकवलं. "मॅडम, बाईमाणसाला हेच बरं. गोळ्या भरायच्या, चाप ओढायचा, बिघडायला आहेच काय त्यात?" पिस्तूल दाखवा म्हटलं तर, "तुम्हाला स्लाइड ओढवणार नाही." (स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग. तो मागे ओढून सोडला की गोळी चढते.) दुसरीकडेही तेच ऐकलं. मला याचा अजून राग आहे, कारण त्या चापाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

अशा रिव्हॉल्व्हरमध्ये चापाच्या एकाच ओढीत सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं) फिरतं, हॅमर (गोळीवर आघात करणारा घोडा) मागे जातो आणि सुटतो. म्हणून चाप जड, साधारण 10 ते 12 पौंड, म्हणजे 5 किलोच्या आसपास. हत्यार स्वतः जेमतेम अर्धा किलो. एवढा जोर लावताना ते हलणारच. नळी दोनेक इंचांची, त्यामुळे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा (साइट) अगदी जवळजवळ. नेमातली बारीक चूकही डोळ्यांना कळत नाही. वजन कमी, म्हणून धक्काही जास्त.

दोन्ही हत्यारं चालवू देणारी रेंज (नेमबाजीच्या सरावाची जागा) मिळायला वेळ लागला, पण निकाल तिथेच लागला. रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या सारख्या खाली डावीकडे जात होत्या. प्रशिक्षक म्हणाल्या, "आता हॅमर अंगठ्याने मागे घे आणि मग चाप ओढ." हॅमर आधीच मागे असल्याने चाप हलका झाला आणि गोळी थेट मध्यावर! नेम ठीकच होता, ओढून नेत होता तो चाप. ऐन वेळी हॅमर मागे घ्यायला सवड कुठली?

आणि स्लाइड? डाव्या हाताच्या अख्ख्या पंजाने ती वरून घट्ट धरायची आणि उजव्या हाताने पिस्तुलाची मूठ पुढे ढकलायची. सहज जमलं. अगदी चिमुकल्या पिस्तुलांची स्प्रिंग बहुधा जास्त कडक असते. एक माप मोठं घेतलं तर उलट सोपं जातं. मी तेच घेतलं आणि मला त्याचा अभिमान आहे.

रिव्हॉल्व्हर वाईट नाही. एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढला की पुढची समोर येते. पिस्तुलात स्लाइड ओढून ती बाहेर काढावी लागते, आणि मनगट सैल राहिलं तर रिकामं काडतूस अडकूही शकतं. बोटांत जोर आहे पण स्लाइड खरंच ओढवत नाही, त्यांनी रिव्हॉल्व्हर जरूर घ्यावं. गोळ्या बहुधा पाच-सहाच, हे धरून चाला.

हो, एक राहिलंच. मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) काढलं म्हणून पिस्तूल रिकामं होत नाही, एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, असू शकते. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड ओढा, मग आत डोळ्यांनी बघा. होल्स्टर (हत्यार ठेवायचं म्यान) चाप पूर्ण झाकणारंच हवं. पर्समध्ये सुटं टाकायचं नाही.

आणि दुकानात हत्यार रिकामं असल्याची खात्री करून, सुरक्षित दिशेला धरून चाप ओढून बघू द्या म्हणा. नाही म्हणाले तर तिथून घेऊ नका.