पहिल्या वर्षाला इंटर्नशिप मिळते का? कोल्हापुरातला माझा अनुभव

तीन वर्षांच्या एलएलबीला एकूण किमान १२ आठवडे इंटर्नशिप करावी लागते, पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत तसं आहे. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही, हेही त्यातच आहे. त्यामुळे शेवटच्या वर्षी एकदम उरकून टाकू म्हणणाऱ्यांचं गणित फसतं. मी पहिल्याच उन्हाळ्यात सुरुवात करायचं ठरवलं आणि मार्चमध्ये शोधाला लागले.

आमच्या घरात वकील कुणी नाही. कोर्ट म्हणजे चुलत्यांच्या बांधाच्या भांडणापायी चकरा मारायची जागा, एवढीच ओळख. वर्गातल्या ज्यांचे काका-मामा वकील आहेत त्यांची सोय फेब्रुवारीतच झाली होती. बाकीच्यांनी जे केलं तेच मीही केलं: इंग्रजीत सीव्ही, त्यात कॉलेजातली मूट कोर्ट (लुटुपुटूच्या खटल्याची) स्पर्धा, एक निबंध, आणि पुण्या-मुंबईच्या फर्मना ईमेल. उत्तरं आली नाहीत. त्यात त्यांचा फार दोष आहे असं मला वाटत नाही. पहिल्या वर्षाला आपण करार कायदा, अपकृत्य आणि संविधान वाचलेलं असतं. ड्राफ्टिंग, म्हणजे दावे-अर्ज लिहिणं, कशाशी खातात ते ठाऊक नसतं. एका ठिकाणाहून मात्र तासाभरात उत्तर आलं. घरबसल्या इंटर्नशिप, प्रमाणपत्र हमखास, त्याआधी अमुक एक फी भरा. आपणच काम करायचं आणि वर आपणच पैसे मोजायचे! मी ती मेल मैत्रिणींना दाखवली, तर दोघींनी आधीच फी भरलेली निघाली. पुढं त्यांना प्रमाणपत्रं मिळाली, काम काहीच मिळालं नाही.

पैशाचंही सांगते. आमच्याकडे वकिलाच्या ऑफिसात पहिल्या वर्षाच्या मुलाला स्टायपेंड जवळजवळ मिळत नाही. आई म्हणाली होती, "सुट्टीत चार पैसे मिळतील असं काहीतरी बघ." तिला हे समजावणं ईमेलपेक्षा अवघड गेलं.

मग दोन ठिकाणी प्रत्यक्ष गेले. पहिलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तिथं कॉलेजचं शिफारसपत्र, ओळखपत्राची झेरॉक्स आणि सचिवांच्या नावानं अर्ज लागतो. लोकअदालत कशी चालते, मोफत वकील कुणाला मिळतो हे तिथं नीट कळतं. (बाईमाणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नसते, हे माझ्या मावशीलाच काय, मलाही तोवर माहीत नव्हतं.) माझी मैत्रीण तिथं लागली आणि तिचं चांगलं झालं. मला दाव्याच्या फाइली बघायच्या होत्या.

दुसरं ठिकाण सर्किट बेंच, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापुरात बसणारं न्यायपीठ. १८ ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं, त्याच वर्षी आम्ही कॉलेजात आलो. सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सहा जिल्ह्यांची प्रकरणं येतात: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. वर्गात सगळ्यांना तिथंच इंटर्नशिप पाहिजे होती. मी एक दिवस मागच्या बाकावर बसून ऐकलं. कामकाज इंग्रजीत, युक्तिवाद भराभर, आणि खालच्या कोर्टात काय झालं होतं हे कळल्याशिवाय तिथं काहीच कळत नाही. तिथल्या एका वकील मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आधी खाली एक उन्हाळा काढ, मग ये माझ्याकडं."

खाली म्हणजे कसबा बावड्याचं जिल्हा न्यायालय. पण उन्हाळ्याचीच तर अडचण होती. मे महिन्यात दिवाणी कोर्टं सुट्टीवर असतात. विद्यापीठाची परीक्षा संपून आपण मोकळे होतो तेव्हा साक्षी, उलटतपास, युक्तिवाद असलं बघण्यासारखं बरंचसं बंद असतं. फौजदारीकडं तातडीचं काम चालू राहतं. अटक केलेल्याला २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, त्याला उन्हाळा-पावसाळा नसतो. म्हणून मी चार आठवडे असे मागायचे ठरवले की सुरुवातीचे दिवस सुट्टीतले येतील, ऑफिसात बसून फाइली वाचता येतील, आणि पुढचे दिवस जूनमध्ये कोर्ट उघडल्यावरचे.

वकिलाला भेटायचं तर सकाळी कोर्टात गाठू नये. त्यांच्या डोक्यात बोर्डावरच्या तारखा असतात. संध्याकाळी ऑफिसात जावं, आणि गेल्यावर आधी क्लार्कशी बोलावं. राजारामपुरीतल्या ज्या ऑफिसात मला घेतलं तिथले क्लार्क सगळ्यांचे मामा. पक्षकार भरलेले होते. मामांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि साडेआठला आत सोडलं.

आत बसलेल्या वकील सरांनी सीव्ही उलटा करून टेबलावर ठेवला.

"मराठी टायपिंग येतंय का?"

"येतंय सर. युनिकोडमध्ये."

"सातबारा वाचता येतोय?"

"येतोय की."

"जुना फेरफार? हातानं लिहिलेला?"

मी हो म्हटलं. लहानपणापासून वडिलांच्या पिशवीतले कागद मीच वाचून दाखवते. सरांनी एक फाइल पुढं सरकवली आणि एका नोंदीत वारस कोण लागलेत ते विचारलं. मी नावं सांगितली, त्यातल्या दोन बहिणींची नावं 'इतर हक्क' या रकान्यात गेल्याचंही सांगितलं. मूट कोर्टाबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. जिल्ह्याच्या कोर्टात दावे, कैफियती (दाव्याला दिलेली लेखी उत्तरं), अर्ज बरंचसं मराठीत चालतं. तिथं या दोन गोष्टी येणारं पोर लगेच उपयोगी पडतं. मला वाटतं आमच्याकडच्या गावाकडून आलेल्या मुलामुलींनी सीव्हीत या गोष्टी पहिल्या ओळीत लिहाव्यात. आम्ही त्या लपवतो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजचं पत्र नेऊन दिलं. तारखा, सरांचं नाव, सनद क्रमांक हे त्यात नीट असावं, नाहीतर नंतर इंटर्नशिपच्या डायरीवर सही-शिक्क्याला अडतं. कपड्यांचंही आधी विचारून घ्यावं. नियमात पांढरा शर्ट, काळा कोट, काळा टाय आहे. अख्खा पोशाख नसेल तर पांढरी पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट चालतो. मे महिन्यात कोल्हापुरात काळा कोट घालून केएमटीच्या बसमध्ये उभं राहणं ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

काम काय मिळालं? पहिले काही दिवस चेक न वटल्याच्या फाइली. त्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली चालतात, आणि त्यात सगळा खेळ तारखांचा असतो. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, ते संपल्यावर महिन्याच्या आत फिर्याद. प्रत्येक फाइलीला एक कागद लावून या तारखा लिहायच्या. एका पक्षकाराची मुदत संपायला थोडेच दिवस होते आणि तो निवांत जोतिबाला गेला होता. मामांनी फोनवरून त्याला जे सुनावलं ते डायरीत लिहिता आलं नाही.

त्यानंतर वाटपाच्या दाव्यात वंशावळ काढायचं काम. चार पिढ्या, दोन लग्नं, एक दत्तक, आणि फेरफारात कुठं आजीचं माहेरचं नाव तर कुठं सासरचं. यात मला खरी गोडी लागली. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला, हे पुस्तकात एका ओळीचं आहे. फाइलीत तीच ओळ म्हणजे पासष्टीच्या आत्या, त्यांच्याकडून पूर्वी घेतलेलं हक्कसोडपत्र, आणि त्यांच्याशी न बोलणारे भाऊ. सर म्हणाले, "कायदा नंतर. आधी माणसं जागेवर लाव." म्हणून आधी कोण कुणाचं कोण ते कागदावर मांडलं. जूनमध्ये कोर्ट उघडलं तेव्हा त्याच दाव्यात निशाणी पाचवर, म्हणजे मनाई अर्जावर, युक्तिवाद झाला आणि सरांच्या हातात मी टाइप केलेली वंशावळ होती. पुढची तारीख पडली.

डायरीवर सही झाली, प्रमाणपत्र मिळालं. कॉलेज सुरू झाल्यावर मामांचा फोन आला, टायपिंगचं काम साठलंय म्हणून. आता आठवड्यातल्या काही संध्याकाळी जाते. पानामागं पैसे मिळतात, आईला ते पटलंय. इंटर्नशिपच्या आठवड्यांत हे काम धरत नाहीत, आणि मी तसं विचारलंही नाही.