ओलं सरपण

दुपारभर पाऊस लागलेला. काडेपेटी सादळलेली, काडी ओढली की गुल पेटायच्या ऐवजी पेटीवरच फासला जातोय. अशा वेळी मला हटकून मामा आठवतो.

मामाबरोबर रानात मुक्काम म्हणजे शेकोटी आलीच, आणि पावसाळा असला तर त्याला जास्तच चेव. काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याच्या खिशात. आम्हा पोरांना तिला हात लावायची मुभा नाही. आधी सरपण. जमिनीवरचं लाकूड उचलून आणलं की तो त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही. "पडलेलं लाकूड पाणी पीत बसतं." झाडावरच वाळलेल्या, वाकवल्या की कडकन मोडणाऱ्या फांद्या हव्यात. त्याही वरून भिजलेल्याच, म्हणून कोयत्याने उभ्या चिरायच्या. बाहेरून काळी, बुळबुळीत फांदी आतून बदामी निघायची. तो गाभा मामा गालाला लावून बघायचा. गार लागला की बाद! मग बारीक ढलप्या, चिखलावर आडव्या लाकडांचा थर, त्यावर रचण आणि मग कुठे काडी. ओढ्यातले दगड मात्र भोवती लावू द्यायचा नाही. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की ते फुटतात.

पाणी १०० अंशांना उकळतं, लाकूड धड पेटायला २५०-३०० अंश लागतात. आतलं पाणी आटेपर्यंत बिचारी आग नुसती वाफच करत बसते. लाकडाच्या टोकातून फेस फसफसतो, आणि धूर? आपण ज्या बाजूला बसू त्या बाजूला.

यावर रॉकेल ओतणारे लोक मला सहन होत नाहीत. भपकन ज्वाळा उठते, टाळ्या पडतात, रॉकेल संपतं आणि लाकूड होतं तसं ओलंच. खरं तर माझा राग त्या टाळ्यांवरच आहे.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे आपण हळहळत म्हणतो. मामाचा सगळा भरवसा त्यावरच होता. एकदा जाळ धरला की ओली लाकडं शेकोटीभोवती टेकवून ठेवायची आणि वाळेल तसं एकेक आत सरकवायचं. हे काम रात्रभराचं, आणि ते तो कुणाला करू द्यायचा नाही.

एवढा खटाटोप करून ऊब मिळायची ती पुढूनच. पाठ गारठायची म्हणून वळून बसावं, तर गुडघे गार.