नववीतल्या पोरीनं विचारलं, न्यूट्रॉन तारे घोळक्यानं राहतात काय?

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलात सायन्स शिकवतो. परवा नववीला न्यूट्रॉन तारा सांगत होतो, व्यास साधारण बेळगाव ते खानापूर एवढाच पण वस्तुमान सूर्याहून जास्त, तर मधेच एक पोरगी उठली, "सर, असले तारे घोळका करून राहत असतील काय?"

म्हटलं राहतात की. लाखो म्हाताऱ्या ताऱ्यांचे गोल गुच्छ असतात, त्यात सापडतात. आणि बोलता बोलता हेपण सांगितलं की मोठा तारा मरताना ज्या स्फोटात न्यूट्रॉन तारा जन्मतो तो चारी बाजूंनी सारखा होत नाही, त्यामुळं ताऱ्याला दणका बसतो आणि बरेचसे सेकंदाला शेकडो किलोमीटरनं सुटतात. पोरगी काय बसेना. "आणि गुच्छातनं बाहेर पडायला किती स्पीड लागतंय?" म्हटलं, साधारण 50 किलोमीटर. "मग तिथं एकबी शिल्लक राहायला नको की सर!"

अंगावर काटा आला बघा. पुस्तकात हे कुठंच नाही आणि खगोलशास्त्रज्ञ कित्येक वर्षं नेमके याच जागी अडले होते, कारण 1987 ला एम28 गुच्छात पहिला पल्सार, म्हणजे गिरक्या घेत रेडिओचे ठोके देणारा न्यूट्रॉन तारा, सापडला आणि आता टेरझान 5 या एकाच गुच्छात 49 माहीत आहेत, त्यातला एक तर सेकंदाला 716 गिरक्या घेतो!

मग पुढचा धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर गुच्छच काढला. काही स्फोट सौम्य असतात, काहींना जड जोडीदार धरून ठेवतो, म्हणून थोडे उरतात. उरलेले बाकीच्या ताऱ्यांपेक्षा जड, त्यामुळं हळूहळू मध्याकडं सरकतात, तिथं गर्दीत जोड्या बदलतात, शेजाऱ्याचा वायू ओढून घेतात आणि त्यानंच गिरक्या वाढतात. पण नुसत्या न्यूट्रॉन ताऱ्यांचाच गुच्छ म्हणाल तर तसा कुठं सापडलेला नाही, आजूबाजूला साधे तारे कितीतरी पटीनं जास्त असतात.

"दोघं लई जवळ आले तर?" हा दुसऱ्या पोराचा प्रश्न. आदळतात, 17 ऑगस्ट 2017 ला तशा एका टकरीच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच बसलेले हेलकावे, पृथ्वीवर पकडल्यात, असं सांगितलं तर वर्गात नुसता कल्ला.

नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं एनजीसी 1851 गुच्छात असाच एक पल्सार शोधलाय. तिथं 28 फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान प्रदर्शन असतं, हेडसरांकडं पोरांना न्यायची परवानगी मागितली आहे, गाडीचं तेवढं जमवायचं आहे.