मामंजींच्या नावाचा मीटर आणि गच्चीवरचं सोलर

आमचं घर कराडजवळच्या गावात. लाइटबिल वाढत चाललं, तेव्हा पीएम सूर्यघर योजनेतून सोलर घ्यायचं ठरवलं. ही योजना २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॉटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असं मिळून जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान मिळतं.

पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकला आणि समोर मामंजींचं नाव आलं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, मीटर मात्र अजून त्यांच्याच नावावर. अनुदान थेट खात्यात येतं, त्यामुळे बिलावरचं आणि बँकेतलं नाव एकच लागतं. मग मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा, दिरांचं आणि दोन्ही नणंदांचं संमतिपत्र. दिवाळीत हाती घेतलेलं काम संक्रांतीला मार्गी लागलं. मीटर सासूबाईंच्या नावावर झाला. अर्जावर सही करताना त्या म्हणाल्या, "तेवढं एक नाव राहिलं होतं त्यांचं." शेवटचं जुनं बिल त्यांच्या पोथीत आहे.

दुसरा प्रश्न वाळवणाचा. चैत्रात आमची गच्ची कुरडया-पापडांची असते. पॅनेल खाली बसवले असते तर निम्मी गच्ची गेली असती. आम्ही सांगाडा सात फूट उंच करून घेतला. लोखंडाचा खर्च वाढला, पण खालून सरळ उभं राहून चालता येतं आणि पूर्वेची बाजू उन्हाला मोकळी राहिली. पॅनेल सहा, तोंड दक्षिणेला. पॅनेल, इन्व्हर्टर, अर्थिंग, आकाशातली वीज पडू नये म्हणून तडितरोधक हे सगळं दोन दिवसांत झालं. पॅनेलमधले सेलही भारतात बनलेलेच लागतात, नाहीतर अनुदान नाही. ते कागद मी स्वतः तपासले.

नंतर तपासणी झाली, नेट मीटर बसला. दिवसा वापरून उरलेली वीज बाहेर जाते आणि बिलातून ते युनिट वजा होतात. महिन्याभरात अनुदान सासूबाईंच्या खात्यात आलं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून आवर्जून सांगते. बाहेरची लाइट गेली की भर उन्हातही हे सोलर बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून शॉक बसू नये म्हणून ती सोय आहे. लाइट गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर बॅटरीचा विचार आधीच करावा लागतो. आम्ही तो केला नव्हता. जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर पंख्यांपुरता तसाच ठेवलाय.

उन्हाळ्यात दिवसाला तेरा-चौदा युनिट मिळायचे. आता आषाढ लागलाय. रोज संध्याकाळी सासूबाई मला आकडा विचारतात आणि कॅलेंडरवर लिहून ठेवतात. काल चार होते.