गायीने बुरशी खाल्ली!

वाळपईच्या पुढच्या एका वाड्यावरून फोन आला, "डॉक्टर, गायीने बुरशी खाल्ली, लवकर या." बुरशी म्हटलं की आमच्या डोक्यात आधी अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विषच येतं, त्यामुळे बॅग उचलली आणि निघाले.

जाऊन बघते तर गाय आरामात रवंथ करतेय, ताप नाही, पोट फुगलेलं नाही. गोठ्यामागे धिंगरी अळंबीच्या (ऑयस्टर मशरूम, ही पण एक बुरशीच) पेंढा भरलेल्या, काढणी संपलेल्या पिशव्यांचा ढीग, त्यातल्या दोन-तीन फाडून तिने आतला पेंढा फस्त केलेला आणि गव्हाणीतला सुका पेंढा तसाच. प्लास्टिक पोटात गेलं नाही हे आधी बघितलं. आजी सुनेवर जाम भडकलेल्या, "हिच्या अळम्यांनी माझी गाय मेली असती!"

सुनेला मी एकच विचारलं, पेंढा कशात भिजवलेला? कारण नको ते जंतू आणि बुरशी मारायला बरेच जण फॉर्मलिन आणि कार्बेन्डाझिम या रसायनांच्या पाण्यात भिजवतात, अळंबीसाठी ते चालतं पण तो पेंढा गुरांना मी कधीच घालू देणार नाही. तिने नुसतं गरम पाणी वापरलेलं. सुटले!

मग पिशव्या निवडायला बसलो. पांढरंशुभ्र जाळं, अळंबीचा वास, काडी बोटात चुरली की मऊ तुटते, ती पिशवी गायीसाठी बाजूला. हिरवे-काळे डाग किंवा कुबट वास असला की सरळ खतात, तिथे नो चर्चा.

आजींना समजावलं, भाताच्या पेंढ्यात प्रोटीन जेमतेम 3-4 टक्के आणि त्यातला सेल्युलोज (गायीला पचणारा तंतू) लिग्निन नावाच्या चिवट घटकाने जखडलेला, लिग्निन तोडायला ऑक्सिजन लागतो आणि गायीच्या कोठीपोटात (पोटाच्या मोठ्या पहिल्या कप्प्यात) तो जवळपास नसतोच, मग तिथले जंतू तरी काय करणार, धिंगरी ते काम बाहेरच उरकते. पण ती फुकट राबत नाही हां, पेंढ्यातला खाऊ स्वतःही खाते, त्यामुळे पिशवीतून अळंबीच्या तोडीवर तोडी (काढणी) घेत बसलं तर गायीला उरतो तो चोथा. म्हणून सुनेला म्हटलं, पहिल्या-दुसऱ्या तोडीनंतरच काढ, उन्हात सुकव, सुरुवातीला मूठभर नेहमीच्या चाऱ्यात मिसळ. आणि पेंड बंद करायची नाही, दूध दुप्पट होईल असलं काही डोक्यात आणू नका.

आजी गप्प ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "शेजारणीकडे पण ढीग पडलाय, मागू काय?" शेजारीण फॉर्मलिनवाली निघाली. तो ढीग गोठ्याकडे आणायचा नाही, एवढं आजींकडून कबूल करून घेतलं.